'कळ' शब्दाची चौथी चिठ्ठी

नवनगर, हुबळी
सोमवार, सकाळ

प्रिय अक्का,

जन्मात तुला एकही पत्र लिहिलं नाही. गरजच काय होती? तू धारवाडात, मी नवनगरात, मधे अर्ध्या तासाची बस. काही सुचलं की बसमध्ये बसायचं आणि तुझ्या दारात चपला काढता काढताच भांडण सुरू करायचं, हा माझा शिरस्ता. वैशाखात तू गेलीस आणि ती सोय संपली. म्हणून हा कागद.

आजच का, म्हणशील. तर आज सकाळी छापखान्यातून फोन आला. ते गृहस्थ फार सज्जन आहेत, म्हणून जास्तच त्रास होतो.

"सर, कोशाचा 'क' लावून झाला. तेवढा 'कळ' अडलाय बघा. अक्कांच्या चिठ्ठ्या चार आहेत. तीन चिठ्ठ्यांवर दोन-दोन सह्या, चौथीवर एकच. घालू की काढू?"

"शुक्रवारी सांगतो."

"मागच्या शुक्रवारी पण हेच म्हणालात की ओ सर."

काय सांगू त्यांना? अक्का, तूच सांग. चौथी चिठ्ठी गंगव्वाची आहे. तुझी सही आहे, माझी नाही. आणि आता ती कधी होईल असं वाटत नाही. का, ते सांगायचं धैर्य गोळा करायला मला तीन महिने लागले.

तुझा कोश म्हणजे लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू. धारवाडात एवढी लग्नं लागली ती तुला चिठ्ठ्या मिळाव्यात म्हणून, असं मी म्हणायचो. एका अर्थाला एक चिठ्ठी. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली तो ज्याच्या तोंडून ऐकला त्याचं नाव, गाव, आणि त्या वेळी ते माणूस काय काम करत होतं ते. छापताना हे सगळं छापायचं, नावासकट. "शब्द पंडितांचे नसतात रे, बोलणाऱ्यांचे असतात. मग नाव बोलणाऱ्याचं नको?" हे तुझं म्हणणं.

तळाच्या दोन सह्या मात्र माझ्या डोक्यातून निघाल्या. प्रत्येक अर्थ आपण दोघांनी आपापल्या कानांनी ऐकलेला हवा, तरच तो कोशात. निवृत्त शिक्षिका, तिला हवं तेच ऐकू येतं, असं मी तुझ्या तोंडावर म्हणालो होतो. तू रागावली नाहीस. "बरं की पंडित, तुझीही सही घेऊ," एवढंच म्हणालीस. त्या दिवशी रागावली असतीस, मला दाराबाहेर घातलं असतंस, तर किती बरं झालं असतं!

'कळ'च्या पहिल्या तीन चिठ्ठ्यांवर आपण किती संध्याकाळी घालवल्या, आठवतं? पोटात येते ती कळ. दाबली की कुलूप उघडतं ती कळ. ती आपल्याला जुन्या हुबळीतल्या किल्ल्या घासणाऱ्या म्हाताऱ्यानं दिली. आणि दोन माणसांत लावून देतात ती कळ. तीन अर्थ, तिघांचं एकमेकांशी सोयरसुतक नाही. मी आपला हट्ट धरून बसलो की तिघी एकाच 'कल्' धातूच्या लेकी. आमच्या व्याकरणवाल्यांत त्या धातूला थट्टेनं कामधेनू म्हणतात. पाहिजे तो अर्थ पिळून घ्यावा. तू चष्मा पुसत म्हणालीस, "गाय तुझी असू दे. पण गवत कुणाच्या शेतात खाऊन आली, ते विचारलंस का तिला?"

शेवटी तह झाला. भांडणाची कळ कलहाच्या घरची. यंत्राची कळ कलेच्या घरची, कारण कला म्हणजे मुळात युक्ती. आणि दुखण्याची कळ? तिच्यापुढं तू दोन शब्द लिहिलेस: 'मूळ अनिश्चित'. मला ते फार झोंबलं. संस्कृत शिकवून पोट भरणाऱ्या माणसाच्या देखत 'मूळ अनिश्चित' म्हणजे मुलीच्या पत्रिकेत गोत्राची जागा मोकळी सोडण्यासारखंच की!

मग चैत्रात तुझं ते दुखणं सुरू झालं. एवढे कागद, एवढी यंत्रं, आणि शेवटी डॉक्टरांनी हळू आवाजात काहीतरी लांबलचक सांगितलं. त्याचा मथितार्थ एवढाच की कळ कुठून येते ते कळत नाही. मी काही बोलणार, तोच तू ओठ आवळून हसलीस. "बघ, डॉक्टरांनीसुद्धा माझीच चिठ्ठी वाचली." अक्का, त्या खोलीत हसावं की काय करावं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

आता चौथी.

तू एकवीस वर्षांची, पहिली नेमणूक, अळणावरजवळच्या त्या खेड्यातली मराठी शाळा. गाव तुला कन्नड वळणानं अक्कोरू म्हणायचं, म्हणजे बाई. तुझी खोली गंगव्वाच्या घराला लागून. गंगव्वा दुसऱ्यांच्या शेतात राबणारी. तिनं तुला ओल्या लाकडाची चूल पेटवायला शिकवलं, तुझ्या तापात चार दिवस उशाशी बसली. एका रविवारी तू हट्टानं तिच्याबरोबर भाताच्या शेतात गेलीस, आणि ती बाकीच्या बायकांना म्हणाली, "ह्या बी येनार हाईत कळ काढायला."

कळ म्हणजे तण. कन्नडात तणाला कळे म्हणतात. तो शब्द गंगव्वाच्या मराठीत असा मिसळला होता की तिला स्वतःला शिवण दिसत नव्हती. त्याच रविवारी तू तिला म्हणालीस, "हे मी लिहून ठेवीन. पुढंमागं पुस्तक झालं तर त्यात तुझं नाव घालीन."

ती म्हणाली, "माजं नाव कोन लिवतंय? मतांच्या यादीत बी गंगूबाई करून टाकलंय."

गंगव्वा जाऊन किती वर्षं झाली. कोश तू निवृत्तीनंतर सुरू केलास आणि पहिली चिठ्ठी तिची लिहिलीस. 'गंगव्वा, शेतमजूर, भाताच्या शेतात तण काढताना.' माझ्यापुढं ठेवलीस. आणि मी सही केली नाही!

काय रुबाब होता माझा! "कन्नडात कळे आहे, मान्य. पण मराठी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून माझ्या कानांनी मी हे ऐकलेलं नाही. साक्ष आण." वर थट्टाही केली, की एका रविवारी एक वाफा भांगललेल्या बाईच्या आठवणीवर भाषाशास्त्र उभं राहत नाही. तू शांतपणे म्हणालीस, "मग चल की माझ्याबरोबर. तिच्याबरोबरच्या बायका असतील अजून."

कधी नेलं मी तुला? पहिल्या पावसाळ्यात माझ्यापुढं उत्तरपत्रिका होत्या. दुसऱ्या पावसाळ्यात रस्ता खराब आहे म्हणालो, आणि रस्ता न बघताच म्हणालो. मग तुझे गुडघे गेले, आणि मला बिनखोट कारण मिळालं. तण पावसाळ्यातच काढतात, म्हणजे एकदा टाळलं की वर्षाची निश्चिंती! तू दर ज्येष्ठात एकदाच विचारायचीस, दुसऱ्यांदा कधी नाही. दुसऱ्यांदा विचारायचं होतंस ग. माझ्यासारख्या माणसाला दोनदा विचारावं लागतं, हे आयुष्यभरात तुला कळलं नाही?

आणि तू एकटी का नाही गेलीस? पाय चालत होते तोवर गेली असतीस. मी एकदा हे विचारलंही होतं, जरा चिडवूनच. "दोघांनी ऐकायचं असं ठरलंय ना? मी एकटी ऐकून काय करू?" नियम माझा, पाळलास तू. मी तर तो तुला त्रास द्यायला काढला होता.

तुझा स्वतःचा नियम एकच होता: शब्द आपण बोलणाऱ्याच्या तोंडात घालायचा नाही. वस्तू दाखवायची, काम दाखवायचं, आणि गप्प राहायचं. अमरगोळच्या बाजारात मिरचीची पोती शिवणाऱ्या त्या बाईला तू चुकून विचारलंस, "याला दाभण म्हणता ना?" ती हो म्हणाली. तू तिच्यासमोरच चिठ्ठी फाडलीस. मी म्हटलं, "अगं, दाभणच आहे ते! सगळं जग दाभण म्हणतं." तू म्हणालीस, "जग म्हणू दे. पण ही बाई काय म्हणते ते आता मला कधीच कळणार नाही. मी आधी बोलले." केवढा हसलो होतो मी! परत येताना बसमध्ये तुला 'सत्यव्रता' म्हणून हाका मारत होतो.

आता ऐक. श्रावणात मी गेलो.

एकटाच गेलो. म्हटलं, अक्काची सही आहेच. एकदा आपण ऐकलं की आपली करू. अळणावरला उतरून पुढं रिक्षानं. गावात भाताची शेतं हिरवीगार, पण वाकलेलं माणूस दिसेना. विचारलं तर कळलं की आता तणावर औषध मारतात, पाठीला पंप लावून एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम. बायकांना कुणी बोलवत नाही. शोधत शोधत गावामागच्या मिरचीच्या वाफ्यात तिघी सापडल्या. त्यातली एक रखमव्वा, साठीच्या पुढची. तुझ्याकडं तिसरीपर्यंत शिकलेली.

"अक्कोरूंचे भाऊ काय तुमी? नाक त्येच हाय."

तू गेल्याचं सांगितलं. तिनं खुरपं खाली ठेवलं. पदरानं हात पुसत म्हणाली, "मला लई मारल्यात. पन मायेनं." मग मला बांधावर बसवलं आणि घरून चहा मागवला.

मी नियमानं सुरुवात केली. एक तणाची काडी उपटून पुढं धरली. "हे काय?"

"तन."

"आणखी काय म्हणता याला?"

"गवत."

"आणखी?"

"कन्नडात 'कस' म्हनतात, कचरा." मग दुसरीला म्हणाली, "मास्तर हाईत गं, परीक्षा घ्यायला आल्यात. नीट सांग."

"पूर्वी काय म्हणायचे? तुमच्या सासूबाई?"

"सासू म्हनायची कुठं ओ, वरडायची!" तिघी हसल्या.

"बरं, सकाळी कामाला निघताना काय सांगायच्या? कशाला चाललो म्हणून?"

"सांगायचं काय त्यात? खुरपं दिसतंय की हातात."

असा तास गेला. मी उन्हाकडं बघतो, घड्याळाकडं बघतो, काडी या हातातून त्या हातात घेतो. पाणिनीची सूत्रं तोंडपाठ असलेला माणूस, अक्का, आणि एका बाईच्या तोंडून दोन अक्षरं काढता येईनात! साडेचारची बस जवळ आली. मी उठलो. चप्पल घातली. आणि मला काय झालं ते मला माहीत नाही. मी वळून म्हणालो, "कळ म्हणत नव्हता का तुम्ही याला? कळ काढायला जातो, असं?"

म्हणालो! मी म्हणालो!

रखमव्वानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. तिथं काय दिसलं असेल तिला, देव जाणे. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "व्हय की ओ सर. कळ. कळच म्हनायचो." लगेच शेजारणीला हाक: "आगं, ह्येला कळ म्हनायचो न्हवं आपन?" ती म्हणाली, "व्हय तर!" तिसरीनं मान हलवली. तेवढ्यात वाटेनं पंपवाला चालला होता, त्यानंही न विचारता साक्ष दिली. दहा मिनिटांपूर्वी एक साक्षीदार मिळेना, आणि आता अख्खं शिवार माझ्या बाजूनं उभं! एकाचीही साक्ष कामाची नाही.

तिला खरंच आठवलं होतं का? की तू गेल्याचं ऐकून, हा दमलेला माणूस रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून ती हो म्हणाली? मी 'हत्ती' म्हणालो असतो तरी ती 'व्हय, हत्तीच म्हनायचो' म्हणाली असती, असं मला वाटतं. आणि दुसऱ्या क्षणी वाटतं, नाही रे, तिच्या डोळ्यांत ओळख होती. कोणतं खरं? विचारू कसं? विचारलं की ती पुन्हा हो म्हणणार!

भाद्रपदात परत गेलो. का गेलो, माहीत नाही. लांबूनच रखमव्वानं हात केला. "या सर, कळ काढायलोय बघा!" किती सहज म्हणाली! जन्मभर तोच शब्द तोंडात असल्यासारखी. बाकीच्या दोघीही तेच म्हणत होत्या. एक लहान मूल "कळ, कळ" करत तणाच्या काड्या गोळा करत होतं. शब्द त्या वाफ्यात परत रुजला होता, आणि तो गंगव्वाचा होता की माझा, हे आता जगात कुणीच सांगू शकत नाही. त्या गावात यापुढं कुणीही 'कळ' म्हणालं तरी ते मला साक्ष म्हणून ऐकता येणार नाही. एका वाक्यानं मी सगळं गाव बिघडवलं, आणि गावानं मला वर चार भुईमुगाचे डहाळे बांधून दिले.

अक्का, मी सही करणार होतो. तुझ्यापासून काय लपवायचं? चिठ्ठी पुढं घेतली, पेनाचं टोपण काढलं. तुझी सही डावीकडं, किंचित वर चढलेली. उजवीकडची जागा मोकळी. विद्यार्थ्यांच्या हजेरीवर आयुष्यभर किती खोट्या सह्या मी चालवून घेतल्या! ही एक तर प्रेमापोटी. कोण विचारणार होतं? तू विचारणार नव्हतीस, हेच तर दुःख आहे. पेन टेकेना. ही खोटी ठरली तर किल्ल्यावाल्या म्हाताऱ्याची चिठ्ठी खरी कशावरून? खोक्यांतल्या बाकी सगळ्या कशावरून? टोपण लावलं आणि चिठ्ठी परत ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली. हे गेले कितीतरी दिवस चाललं आहे. तुझी भावजय म्हणते, "त्या चिठ्ठीला कप्पा नको, पाळणा करा."

तुझ्याच गळ्यात पडून रडावं, तर तू भांडायलासुद्धा घरी नाहीस. मला आता 'कळ'चे सगळे अर्थ कळतात आणि एकही उपयोगाचा नाही.

असो. छापखान्याला मी आज सांगणार आहे, शुक्रवारची वाट न बघता. 'कळ'खाली अर्थ तीनच जातील. चौथा अर्थ म्हणून मी तो घालत नाही. तुझ्या कोशात खोटी साक्ष जाणार नाही. पण त्या तिन्हींच्या खाली एक टीप जाईल, आणि ती मी अशी लिहिली आहे: 'गंगव्वा या शेतमजूर बाईंनी हा शब्द तण या अर्थानं वापरलेला संपादिकेनं ऐकला होता. दुसऱ्या संपादकानं वेळेवर जाऊन ऐकायचं टाळलं, आणि उशिरा गेल्यावर शब्द स्वतःच उच्चारून साक्ष बिघडवली. त्यामुळे अर्थ सिद्ध करता आला नाही.' खाली माझं पूर्ण नाव. संस्कृतात नाही ग, साध्या मराठीत. रखमव्वाच्या नातवंडांनाही वाचता यावं असं.

म्हणजे गंगव्वाचं नाव पुस्तकात येईल, आणि गंगूबाई म्हणून नाही. पण तू कबूल केलं होतंस तसं येणार नाही. अर्थाच्या शेजारी, मानानं बसलेलं नाही. माझ्या चुकीच्या पोटात. हे तुला चालेल का? तू 'साकु बिडो' म्हणशील, पुरे कर म्हणशील, की टीप फाडून टाकशील? इतकी वर्षं मी तुझ्या प्रत्येक उत्तरावर प्रतिप्रश्न केला. या एका प्रश्नाला तू काहीही उत्तर दिलंस तरी मी मुकाट मान्य केलं असतं.

एक वचन देतो. पुढच्या पावसाळ्यात मी पलीकडच्या खेड्यांत जाईन, जिथं मी अजून काही बोललेलो नाही. हातानं तण काढणाऱ्या बायका सापडतील की नाही, माहीत नाही. सापडल्या तर बांधावर बसेन. त्यांना काही दाखवणार नाही, काही विचारणार नाही, माझं नावसुद्धा विचारलं तरच सांगेन. त्या बोलतील ते ऐकेन, आणि बस गेली तर जाऊ देईन.

तुझा,
वासू